दूर असूनही हजर

दूरच्या माणसाकडे तुम्ही घरबसल्या काय काय पाठवू शकता? आवाज पाठवता येतो. छायाचित्र, पत्र, पैसेही पाठवता येतात. मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांना पाहत बोलता येते. पण हात पाठवता येतो का? मालेगाव किंवा भिवंडी येथील एखाद्या कारखान्यात यंत्रमागावरचा धागा तुटला, असे समजा. कारागीर आजारी असल्यामुळे घरी आहे. मोबाइलवर त्याला तो माग दिसतो, मागाचा खडखडाट ऐकू येतो, धागा नेमका कोठे तुटला हेही तो सांगू शकतो. मात्र त्या धाग्याला गाठ मारायची असेल, तर मागापाशी कोणीतरी उभे असावे लागते.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा ही गोष्ट साऱ्या जगाला जाणवली. ज्यांचे काम कागद, आकडे आणि शब्द यांच्याशी होते, त्यांनी ते घरून चालू ठेवले. हिशेबनीस घरून हिशेब करू लागले. आम्ही शिक्षकांनी मोबाइलवरून धडे शिकवले. विज्ञानाचे प्रयोग मात्र मोबाइलवरून करून घेता येईनात. परीक्षानळी तापवायची तर ती कोणीतरी हातात धरावी लागते. परिचारिका, नळ दुरुस्त करणारा, वेल्डर, हॉटेलातील वाढपी, यंत्रमाग कामगार यांना ‘घरून काम’ ही सोय मिळालीच नाही. त्यांचे काम हातांचे होते आणि जेथे शरीर तेथेच हात.

हात शरीरापासून दूर नेता आले तर? हा विचार टाळेबंदीत सुचलेला नाही. शास्त्रज्ञ सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून त्याच्या मागे लागलेले आहेत. या तंत्राला इंग्रजीत ‘टेलिप्रेझेन्स’ म्हणतात. ‘टेली’ म्हणजे दूर. टेलिफोन आणि टेलिव्हिजन या शब्दांत तो तुम्हांला भेटला आहे. ‘प्रेझेन्स’ म्हणजे हजेरी. मराठीत ‘दूरउपस्थिती’ असे म्हणता येईल; पण मला ‘दूरहजेरी’ हा शब्द अधिक आवडतो. ‘हजर’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतला ‘हाजिर’ तो हाच. मराठीतली ‘दुर्बीण’ही फारसीतल्या ‘दूरबीन’वरून आली आहे. दुर्बिणीमुळे दूरचे दिसते. दूरहजेरीमुळे दूरचे काम करता येते.

या तंत्राची सुरुवात झाली, तेव्हा अंतर फार मोठे नव्हते. मध्ये होती फक्त एक भिंत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अणुशक्तीवर जोरात संशोधन चालू होते. किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण शरीराला गंभीर इजा करतात. म्हणून असे पदार्थ जाड भिंतींच्या कोठडीत ठेवत. ठेवले खरे, पण त्यांच्यावर काम कसे करायचे? शिकागो शहराजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रे गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय शोधला. त्यांनी यांत्रिक हातांची जोडी बनवली. एक हात भिंतीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. दोन्ही हात पोलादी तारा आणि पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले होते. अलीकडचा माणूस जाड काचेतून आत पाहत आपल्याजवळची मूठ हलवी आणि पलीकडचा हात तशीच हालचाल करी. एक सांगणारा हात, दुसरा ऐकणारा हात.

या जोडीची खरी खुबी वेगळीच होती. तारांमधून हालचाल जशी पलीकडे जाई, तसा भारही अलीकडे परत येई. आतली बाटली जड असेल, तर बाहेरच्या माणसाच्या हाताला ती जड लागे. बाटली कशाला टेकली, तर तो अडथळा त्याला जाणवे. १९५४ मध्ये गोर्ट्झ यांनी विजेवर चालणारी जोडी तयार केली. तारांचे ओढणे गेले आणि त्या जागी मोटारी आल्या. वजनाची जाणीव मात्र त्यांनी कायम ठेवली. आता वीजवाहक तार जेथवर नेता येईल, तेथवर हात नेता येणार होता. आपल्याकडे मुंबईत, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा हातांनी काम चालते आणि ते हात या केंद्राने स्वतः विकसित केले आहेत.

पुढे १९८० साली अमेरिकेतील प्रसिद्ध संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी एका मासिकात लेख लिहिला आणि ‘टेलिप्रेझेन्स’ हा शब्द लोकांपुढे मांडला. अणुभट्टी, खोल खाण, समुद्राचा तळ अशा ठिकाणी माणसाने स्वतः जाऊ नये. त्याने सुरक्षित जागी बसावे आणि त्याच्या हातांची प्रत्येक हालचाल तिकडच्या यंत्राने करावी, असे त्यांचे म्हणणे होते. आपण खरोखर तेथेच आहोत असे त्या माणसाला वाटले पाहिजे, यावर त्यांचा भर होता. लेख वाचून अनेकांना हे काम आता झालेच असे वाटले असेल. ते झाले नाही. वाटेत दोन मोठे अडथळे होते आणि ते आजही पूर्णपणे दूर झालेले नाहीत.

पहिला अडथळा वेळेचा. तो समजून घेण्यासाठी एक खेळ खेळून पाहा. कागदावर दूर दूर दोन ठिपके काढा. मित्राला डोळे मिटून पेन्सिल एका ठिपक्यावर ठेवायला सांगा. तुम्ही ‘डावीकडे’, ‘पुढे’, ‘थांब’ अशा सूचना देत ती पेन्सिल दुसऱ्या ठिपक्यापर्यंत न्या. हे जमेल. आता मित्राने प्रत्येक सूचना मनात तीन अंक मोजून मगच पाळायची, असे ठरवा. तुम्ही ‘थांब’ म्हणाल आणि पेन्सिल पुढे निघून जाईल. ती मागे आणायला जाल, तर ती जास्तच मागे येईल. चार-पाच वेळा फसल्यावर तुम्ही थोडेसे हलवाल, थांबाल, पाहाल आणि मग पुन्हा थोडेसे हलवाल. अमेरिकेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात यांत्रिक हातांवर असेच प्रयोग केले. उशीर वाढला की प्रत्येक माणूस याच रीतीवर येतो, असे त्यांना आढळले.

चंद्रावर हे प्रत्यक्षात घडले. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद–१’ ही आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरली. तिच्यात माणूस नव्हता. तिचे चालक क्रिमियातील एका केंद्रात बसलेले होते. एका वेळी पाच जणांचा गट ती गाडी चालवी. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे आणि प्रकाश किंवा रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणजे चालकाने ‘थांब’ म्हटल्यावर गाडी थांबल्याचे त्याला कळायला निदान अडीच सेकंद लागणार! शिवाय तिकडून येणारी चित्रेही चित्रपटासारखी सलग नव्हती. काही सेकंदांनी एक, अशी स्थिर चित्रे येत. तरीही त्या चालकांनी सुमारे दहा महिन्यांत ही गाडी साडेदहा किलोमीटर फिरवली. समोरचा खड्डा दिसेपर्यंत चाक खड्ड्यात गेलेले असू शकेल, हे माहीत असताना केलेला हा प्रवास होता. मंगळाची गोष्ट तर विचारूच नका. तेथे संदेश पोहोचायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणून मंगळावरच्या गाड्यांना दिवसभराचे काम एकदाच सांगून ठेवतात आणि वाटेतले दगड त्या स्वतःच चुकवतात.

पृथ्वीवर अंतरे लहान आहेत, म्हणून उशीरही लहान आहे. पण तो शून्य नाही. काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. जाऊन-येऊन झाले २५ हजार. भागाकार तुम्हीच करा. सेकंदाचा आठवा भाग वाटेतच जाईल आणि जगातला कोणताही इंजिनियर तो वाचवू शकणार नाही.

७ सप्टेंबर २००१ रोजी या उशिराची मोठी कसोटी लागली. त्या दिवशी झाक मारेस्को हे फ्रेंच शल्यविशारद न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि ६८ वर्षांची रुग्ण स्त्री फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात होती. मध्ये अटलांटिक महासागर होता. मारेस्को यांनी ‘झ्यूस’ नावाच्या यंत्राच्या साहाय्याने तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ५४ मिनिटांत पार पाडली. त्यांचा हात हलल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सेकंदाचे १५५ हजारांश भाग लागत होते. म्हणजे साधारण पापणी लवण्याइतका वेळ. हा उशीर याच्या दुपटीहून अधिक झाला असता, तर शस्त्रक्रिया सुरक्षित राहिली नसती, असा डॉक्टरांचा अंदाज होता. भारतातही डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून सुमारे ३२ किलोमीटर दूर, अहमदाबादच्या रुग्णालयातील पाच रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर यंत्राने उपचार केले.

येथे एक गोष्ट मला खटकते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. या दोन्ही वेळी रुग्णाजवळ दुसरे डॉक्टर उभे होते. संपर्क तुटला तर काम हाती घेणारे कोणीतरी लागतेच. शिवाय अशी यंत्रे फार महाग असतात. ज्या वाडीवस्तीवर डॉक्टर नाही, तेथे हे यंत्रही नसते. खरी गरज तेथे आहे आणि यंत्र मोठ्या शहरात आहे.

दुसरा अडथळा स्पर्शाचा आहे. एक डोळा बंद करा आणि दोन हातांतील दोन पेन्सिलींची टोके एकमेकांना टेकवून पाहा. टोके चुकतात. कारण एका डोळ्याला खोली नीट समजत नाही आणि एका कॅमेऱ्यालाही ती समजत नाही. यावर उपाय सोपा आहे, दोन कॅमेरे लावायचे. आता हातांत जाड मोजे घालून सुईत दोरा ओवून पाहा. दोन्ही डोळे उघडे असूनही तुम्ही रडकुंडीला याल. आपल्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श ओळखणारी सुमारे १७ हजार सूक्ष्म केंद्रे आहेत. धागा निसटू लागला की बोटांना ते आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. आपली आई अंधारातही शर्टाची गुंडी लावून देते, ती याच्याच बळावर. गोर्ट्झ यांच्या तारांमधून वजन परत येत होते, पण वजन म्हणजे स्पर्श नव्हे. कापड खरखरीत आहे की मऊ, फळ पिकलेले आहे की कच्चे, हे दूरवर पाठवणारे यंत्र अजून माणसाच्या बोटांच्या जवळपासही आलेले नाही.

मग तोपर्यंत दूरहजेरीचा उपयोग नाही का? आहे. आणि तो जपानमधील एका उपाहारगृहात मला जितका स्पष्ट दिसतो, तितका कोठे दिसत नाही.

जपानमधील केंतारो योशिफुजी हे लहानपणी आजारपणामुळे सुमारे साडेतीन वर्षे शाळेत जाऊ शकले नव्हते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना वाटे, की आपले दुसरे एक शरीर असते तर ते शाळेत पाठवले असते. मोठेपणी त्यांनी एक लहानसा पांढरा यंत्रमानव तयार केला. त्यात कॅमेरा, मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक आहे. तो मान हलवतो, हात वर करतो. त्याचा चेहरा जपानच्या जुन्या ‘नो’ नाटकातील मुखवट्यावरून घेतला आहे. त्यावर हसू नाही आणि दुःखही नाही. आतून बोलणाऱ्या माणसाचा जो भाव असेल, तोच पाहणाऱ्याला त्या चेहऱ्यावर दिसू लागतो. या यंत्रमानवाचे नाव आहे ‘ओरिहिमे’. ओरिहिमे म्हणजे विणकर राजकन्या. जपानी लोककथेत ती आकाशगंगेच्या एका तीरावर राहते आणि तिचा पती दुसऱ्या तीरावर. वर्षातून एकच दिवस त्यांची भेट होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकियो शहरात काही दिवसांसाठी एक उपाहारगृह उघडण्यात आले. तेथे सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचे मोठे ओरिहिमे ट्रे घेऊन टेबलांपर्यंत येत आणि गिऱ्हाइकांशी बोलत. त्यांना चालवणारे लोक आपापल्या घरी किंवा रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले होते. कोणाच्या मज्जारज्जूला इजा झाली होती, तर कोणाचे स्नायू रोगामुळे दुबळे होत गेले होते. ज्यांना बोटही हलवता येत नाही, त्यांच्यासाठी डोळ्यांवर चालणारा संगणक असतो. पडद्यावरच्या ज्या अक्षरावर नजर स्थिरावेल, ते अक्षर संगणक टिपतो. या कामासाठी त्यांना तासाला १,००० येन मजुरी देण्यात आली. जून २०२१ मध्ये टोकियोतच असे कायमचे उपाहारगृह सुरू झाले.

तुम्ही म्हणाल, चहाचा ट्रे नेण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? चाकांवरचे साधे स्वयंचलित यंत्र हे काम याहून स्वस्तात करील. अगदी खरे आहे. पण त्या उपाहारगृहात लोक केवळ कॉफी प्यायला जात नाहीत. टेबलावरचा छोटा ओरिहिमे विचारतो, “आपण कोठून आलात?” आणि मग गप्पा सुरू होतात. बोलणारा माणूस कित्येक वर्षे घराबाहेर पडलेला नसतो. आज त्याला ठरलेल्या वेळी कामावर यायचे आहे, उशीर झाला तर सबब सांगायची आहे, महिन्याअखेर पगार घ्यायचा आहे. दया दाखवणारे लोक त्याला पूर्वीही भेटत होते. “जरा पाणी आणता का?” असे काम सांगणारे कोणी भेटत नव्हते. येथे यंत्राच्या हाताला फारसे कौशल्य नाही, आणि त्याने काही अडतही नाही.

शाळेसाठीही असे यंत्र निघाले आहे. नॉर्वे देशातील ‘नो आयसोलेशन’ या कंपनीने दीर्घ आजारी मुलांसाठी ‘एव्ही–वन’ नावाचा छोटा यंत्रमानव बनवला. तो वर्गात आजारी मुलाच्या बाकावर बसतो. मूल घरी किंवा रुग्णालयात राहून त्याची मान फिरवते, फळा पाहते, शेजाऱ्याशी कुजबुजते. बोट वर करायचे असेल, तर यंत्रमानवाच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. यातली एक युक्ती फार विचारपूर्वक केलेली आहे. मुलाला वर्ग दिसतो, पण वर्गाला मूल दिसत नाही. औषधांमुळे डोक्यावरचे केस गेलेले असतील, नाकात नळी असेल, तर ते कोणाला दिसू नये म्हणून यंत्रावर पडदाच ठेवलेला नाही. आता प्रश्न असा, की हजेरीपटावर अशा मुलापुढे काय लिहावे, हजर की गैरहजर? माझ्या वर्गात मी ‘हजर’ असेच लिहीन.

काही ठिकाणी तर माणसाने हजर नसणेच चांगले. गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असे धोक्याचे काम करायला लावणे हा गुन्हा ठरला आहे. केरळमधील तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र बनवले आणि २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरम येथे कामाला लागले. चालवणारा वर रस्त्यावर उभा राहून पडद्यावर पाहतो आणि यंत्राचा हात खाली उतरून घाण उपसतो. अंतर फक्त काही हातांचे. त्या काही हातांत जीव वाचतो.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. जपानमध्ये दुकानात काम करायला माणसे कमी पडतात. म्हणून तेथील काही दुकानांत पेयांच्या बाटल्या थंड कपाटात रचणारे यांत्रिक हात बसवले आहेत. बहुतेक वेळ ते आपोआप चालतात. एखादी बाटली आडवी पडली, की मग माणसाची गरज लागते. तो माणूस दुकानात नसतो. पुष्कळदा तो जपानमध्येही नसतो, तर फिलिपीन्सची राजधानी मनिला येथे बसलेला असतो. डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा लावून तो टोकियोतली बाटली सरळ करतो.

तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मामू आखाती देशांत कामाला असतील. कोकणातल्या कित्येक घरांत तर ही पिढ्यांची रीत आहे. समजा, उद्या वेल्डिंग करणारा यांत्रिक हात दुबईत राहिला आणि तो चालवणारा माणूस रत्नागिरीत आपल्या घरी राहिला. मुलांना वडील रोज भेटतील, व्हिसा आणि विमानाचे भाडे वाचेल. पण मजुरी कोणत्या दराने मिळेल? मालक म्हणेल, “तुम्ही राहता रत्नागिरीत, खाता रत्नागिरीत. मग पगारही रत्नागिरीचाच घ्या.” कामगार म्हणेल, “पण इमारत तर दुबईची उभी राहिली!” कामाचे तास, सुट्टी, अपघाताची भरपाई हे सारे काम जेथे झाले तेथल्या कायद्याने ठरवायचे, की कामगार जेथे बसला तेथल्या? मनिलात बसून टोकियोतल्या बाटल्या उचलणाऱ्या तरुणांपुढे हा प्रश्न आजच येऊन उभा राहिला आहे.